जुन्या वाड्यांतील बंब व लांकडाची बचत

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर वसलें आहे, आणि पौषांतील पहांट येथें अंगावर कांटा आणणारी असते. तरीही जुन्या वाड्याचें माजघर तापविण्याची गरज सहसा पडत नाहीं. जाड भिंती दिवसाची ऊब रात्रीं बराच काळ धरून ठेवतात. लांकूड लागतें तें मुख्यतः स्नानाच्या पाण्यासाठीं. सौर व विजेचीं साधनें आज सुलभ झालीं आहेत; पण ज्या घरीं चुलाण किंवा बंब अद्याप पेटतो, तेथें कोणती व्यवस्था अधिक किफायतशीर, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

प्रथम हिशेब पाहावा. ६० लिटर पाणी १५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापविण्यास १,८०० किलोकॅलरी उष्णता पुरते. चांगल्या वाळलेल्या एक किलो लांकडापासून सुमारें ३,५०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे तत्त्वतः अर्ध्या किलोंत काम भागावें. प्रत्यक्षांत तीन दगडांवरच्या हंड्याला शेंकडा १० ते १५ एवढीच उष्णता मिळते, आणि साडेतीन ते पांच किलो लांकूड खर्ची पडतें. उरलेली उष्णता जाते कोठें? कांहीं हंड्याच्या कडेनें वर निसटते, कांहीं जमिनींत व हवेंत मुरते, आणि कांहीं धुरावाटे निघून जाते. धूर म्हणजे अर्धवट जळून वाया गेलेलें सरपणच होय.

बंबाची रचना हा या गळतीवरचा उपाय आहे. त्यांत विस्तव मधल्या नळकांड्यांत असतो आणि पाणी त्याच्या सभोंवार; ज्वाळा कोणत्याही बाजूस वळली तरी तिला पाणीच भेटतें. तप्त वायु हलका होऊन नळकांड्यांतून वर चढतो, आणि खालच्या जाळींतून ताजी हवा आंत ओढली जाते. मात्र ही ओढ फार झाली तर उष्णता पाण्याला न देतांच वायु निघून जातो. १९५३ सालीं हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनीं धुराड्याच्या चुलीचा पुरस्कार करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली, ती प्रामुख्यानें धुराच्या निवारणासाठीं. धूर घराबाहेर गेला म्हणजे लांकूड वांचलेंच, असें मात्र नव्हे. त्यासाठीं हवेचें दार कमीजास्त करतां आलें पाहिजे.

बंब तांब्याचा घ्यावा कीं पोलादाचा? नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांचा लौकिक जुना आहे, आणि तांब्यांतून उष्णता पोलादापेक्षां कितीतरी सुलभतेनें वाहते. पण पत्रा पातळ असल्यामुळें हा फरक जवळजवळ नगण्य ठरतो. खरी अडचण वायूकडून पत्र्याकडे उष्णता जाण्यांत असते. तेथें काजळीचा थर व आंतून क्षारांची खपली बसली कीं उत्तम धातूही निरुपयोगी होतो. म्हणून किंमत विचारण्यापूर्वीं नळकांडें सहज घांसतां येतें कीं नाहीं, हें पाहावें. बंबाचा आकारही कुटुंबाच्या गरजेपुरताच असावा.

लांकडाची निवडही तितकीच महत्त्वाची. ताज्या तोडलेल्या लांकडांत निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचें असूं शकतें. वखारींतून असें लांकूड वजनावर घेणारा पाण्याचेही दाम मोजतो. शिवाय त्या पाण्याची वाफ करण्यांत उष्णता जाते आणि जाळ मंदावून धूर वाढतो. बारीक फोडलेलें लांकूड उन्हाळ्यांतच आणून, हवेशीर व पावसापासून आडोशाला रचावें. नवा बंब न घेतांही ही बचत साधते.

शेवटीं सुरक्षिततेचा प्रश्न. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या विस्तवांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं; बंद न्हाणीघरांत तो माणसाला सावध होण्यास अवसरही देत नाहीं. निखारे असेतोंवर धुराडें झांकूं नये, बंब मोकळ्या चौकांत किंवा झरोका असलेल्या जागींच ठेवावा, आणि रात्रीं बंद खोलींत शेगडी ठेवून निजूं नये. धुराड्याची नळी सागवानी तुळयांपासून दूर न्यावी. वाळलेलें लांकूड, स्वच्छ नळकांडें आणि मोकळी हवा, या क्रमानें व्यवस्था लावली म्हणजे लांकूडही वांचतें आणि घरांतील माणसेंही सुरक्षित राहतात.