उसने घेणे, उसने देणे

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या धाराशिव जिल्ह्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते. ते बदलले २०२३ साली. जिल्ह्यातल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवीत होतो. माझा एक जुना विद्यार्थी शेळीपालनासाठी कर्ज मागायला एका बँकेत गेला. अर्ज मराठीत दिला असता तरी चालले असते. पण साहेबांवर छाप पडावी म्हणून त्याने तो इंग्रजीत लिहिला. त्यात एक वाक्य होते, 'आय वॉन्ट टू लेंड टेन थाउजंड रुपीज.' काउंटरवरच्या गृहस्थांनी ते मोठ्याने वाचले आणि म्हणाले, "या, या! हे तर बँकेलाच दहा हजार उसने द्यायला आलेत!" सगळी शाखा हसली. पोरगा अर्ज न देताच परतला. संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून तो म्हणाला, "डिक्शनरीत बघूनच लिहिलं होतं वो सर. उसनं म्हणजे लेंड. मग चुकलं कुठं?"

प्रश्न अगदी रास्त होता. मराठीत 'उसने' हा शब्द एकच. पुढे 'घेणे' लावले की पैसे आपल्याकडे येतात, 'देणे' लावले की आपल्याकडून जातात. इंग्रजीत मात्र या दोन दिशांना दोन स्वतंत्र शब्द आहेत. उसने घेणे म्हणजे बॉरो, उसने देणे म्हणजे लेंड. पोराचे चुकले होते ते एवढेच. तो विचार मराठीत नीट करीत होता. पण इंग्रजी शब्द मराठीच्या मापाने कापलेले नसतात, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. शिकवणारा मीच होतो, तेव्हा तो दोष माझ्याही पदरात पडतो.

त्या दिवसापासून मी मुलांच्या चुकांकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. लक्षात आले की गोंधळाचे शब्द ठरलेले आहेत आणि बहुतेकांची मुळे आपल्या मराठीत आहेत. 'सावली' घ्या. लिंबाखाली आपण बसतो ती सावली म्हणजे शेड, आणि उन्हात आपल्या मागे चालते ती सावली म्हणजे शॅडो. 'परिणाम' घ्या. दुष्काळाचा पिकांवर होणारा परिणाम हे नाम, तो इफेक्ट. दुष्काळ पिकांवर परिणाम करतो ही क्रिया, ते अफेक्ट. दुष्काळ आपल्या ओळखीचा आहे, म्हणून हे उदाहरण आमच्या मुलांना कधी दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही.

दुसरा गोंधळ कानाचा. 'लिव्ह' म्हणजे राहणे आणि 'लीव्ह' म्हणजे सोडून जाणे. मुलाखतीत 'मी धाराशिवला राहतो' असे सांगू पाहणारा मुलगा वेलांटी लांबवतो आणि धाराशिव सोडूनच जातो. 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी. आपल्याकडे मेंढरे पुष्कळ आणि समुद्र कुठेच नाही, तरी निबंधात मेंढपाळ जहाजे चारायला नेतो! पण 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, हा भेद आपण मराठीच्या तासाला शिकतोच ना? ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे गुरुजींचा छळ नव्हे, हे इंग्रजी बोलताना पटते.

'लूज'ची गंमत आणखी वेगळी. ढिल्या चोळण्याला आपण 'लूज' म्हणतो. इंग्रजीत मात्र ढिला या अर्थाचा शब्द 'लूस' आहे, शेवटी स्वच्छ 'स', आणि लिहिताना मध्ये दोन 'ओ'. 'लूझ' म्हणजे हरवणे किंवा हरणे, आणि त्यात 'ओ' एकच. आपण दोन्ही एकाच तोंडाने बोलतो, म्हणून लिहितानाही सामना हरण्याऐवजी ढिला करून ठेवतो.

तिसरा गोंधळ निव्वळ लेखणीचा. प्रिन्सिपल हा उच्चार एक, शब्द दोन. कॉलेजच्या प्राचार्यांच्या शब्दाच्या शेवटी 'पीएएल' येते, आणि 'पाल' म्हणजे इंग्रजीत दोस्त. प्राचार्य हे आपले दोस्त, एवढे ध्यानात ठेवावे! 'पीएलई' असेल तर ते तत्त्व. वह्या-पेन विकणाऱ्या दुकानाच्या पाटीवर 'स्टेशनरी'त 'आर'च्या आधी 'ई' हवा. एन्व्हलप म्हणजे पाकीट, त्याचा पहिला 'ई' आठवावा. तिथे 'ए' घातला की अर्थ होतो जागचे न हलणारे. एसटी स्टँडवर तासभर उभी असलेली गाडी त्या अर्थाने स्टेशनरी. सल्ला या नामाला 'सी' लावून अॅडव्हाइस, आणि सल्ला देणे या क्रियेला 'एस' लावून अॅडव्हाइज.

काही शब्द आपण इंग्रजीतून घेतले आणि घरचे करून टाकले. आपले 'हॉटेल' म्हणजे चहा-भज्यांचे ठिकाण. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. परगावच्या पाहुण्याला 'मी हॉटेलात आहे' असे इंग्रजीत सांगितले, तर तो तुमच्या खोलीचा नंबर विचारील.

मात्र मराठी केवळ आडवीच येते असे नाही, ती वाटही दाखवते. 'लिसन' आणि 'हिअर' यांत पुष्कळजण अडखळतात. पण 'ऐकणे' आणि 'ऐकू येणे' हा फरक आपले शेंबडे पोरही जाणते. लक्ष देऊन ऐकणे ते लिसन, आपोआप कानावर पडणे ते हिअर. 'बघणे' ते लुक, 'दिसणे' ते सी. 'म्हणणे' ते से आणि 'सांगणे' ते टेल. 'सांगितले' म्हटले की लगेच 'कुणाला?' असा प्रश्न येतो. टेललाही तो माणूस सहसा लागतोच.

परकी भाषा आपल्या मुलखाला नवी नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. माझ्या वडिलांची पिढी घरी मराठी बोलली आणि शाळेत उर्दू शिकली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिले जाई. वडील सांगत, उर्दूत 'दुआ' आणि 'दगा' लिहिताना फरक फक्त एका टिंबाचा. टिंब चुकले की आशीर्वादाचा विश्वासघात झाला! त्या पिढीने ते टिंब सांभाळले. आपल्या मुलांना तर २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. आमच्या वेळी ते पाचवीत भेटे. तरीही गोंधळाचे शब्द तेच राहिले, कारण वर्षे वाढली तरी चूक कुठून येते हे समजावून सांगणारे कोणी नसेल तर ती तशीच राहते.

म्हणून पालकांना एक सुचवावेसे वाटते. घरात एक छोटी वही ठेवा. मूल चुकले की दोन्ही शब्द समोरासमोर लिहा, खाली मराठीत अर्थ आणि आपल्या घरातले, शेतातले एकेक वाक्य. रोज एक जोडी पुरे. स्वतःला येत नसेल तर मुलाबरोबर शिका, त्यात कमीपणा नाही. आणि काही झाले तरी हसू नका. चुकलेला शब्द पाच मिनिटांत दुरुस्त होतो, पण चारचौघांत हसे झालेले मूल वर्षानुवर्षे तोंड उघडत नाही.

त्या माझ्या विद्यार्थ्याचेच पाहा ना. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून अर्ज पुन्हा लिहिला. कर्ज मिळाले, शेळ्या आल्या, ते फिटलेही. पण इंग्रजीचा कागद हाती घ्यायला तो त्यानंतर कितीतरी वर्षे धजला नाही. परवा भेटला तेव्हा आठवीतली नात बरोबर होती. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर त्याच्या वळणदार अक्षरात दोन ओळी होत्या : बॉरो, उसने घेणे. लेंड, उसने देणे.

मी पान पाहत होतो. तो म्हणाला, "सर, ही चुकली तर म्या हसत नाही वो. आधी विचारतो, मराठीत तुला काय म्हणायचं होतं?"