एम.आर्च.ला जायचंय? कॉलेजच्या इमारतीआधी तिथल्या सरांची यादी बघा

बी.आर्च.ची पाच वर्षं संपली की पोरं घरी येऊन सांगतात, "अजून दोन वर्षं शिकायचंय." घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. घरं बांधायला शिकलास ना, मग आता अजून काय शिकायचं राहिलं?

प्रश्न चुकीचा नाही. पण बी.आर्च.मध्ये सगळं थोडं थोडं शिकवतात. नकाशा, बांधकाम, साहित्य, कायदा, इतिहास असं सगळंच. पुढच्या दोन वर्षांत त्यातली एकच गोष्ट धरायची आणि तळापर्यंत जायचं. ती गोष्ट कोणती, हे कॉलेजच्या नावावरून ठरत नाही. तिथे शिकवणाऱ्या माणसाने आयुष्यभर कशाचा अभ्यास केलाय, त्यावरून ठरतं. म्हणूनच प्रवेशाआधी सरांची यादी वाचायची.

बिल्डिंग सायन्स म्हणजे नेमकं काय?

सोपं उदाहरण घेऊ. पत्र्याच्या घरात मे महिन्यात दुपारी फॅन लावला तरी जीव घाबरतो. का? पत्रा पातळ असतो, ऊन पडलं की लगेच तापतो आणि ती उष्णता खाली सोडतो. ती उष्णता हवेतून येत नाही. शेकोटीची धग अंगाला लागते ना, तशी ती थेट अंगावर येते. फॅन फक्त हवा हलवतो, धग अडवत नाही. त्यामुळे फॅनचा वेग वाढवून उपयोग होत नाही. पत्र्यावर पांढरा थर दिला किंवा खाली छत मारून मधे हवेची पोकळी ठेवली, तर फरक पडतो.

हे सगळं मोजणं म्हणजे बिल्डिंग सायन्स. कोणता रंग किती ऊन परत फेकतो, कोणती भिंत उष्णता किती वेळ धरून ठेवते, खिडकी कुठे काढली तर दिवसा लाइट लावावी लागत नाही, वर्गात शेवटच्या बाकावर आवाज पोचतो का. यातल्या प्रत्येक प्रश्नाचे वेगळे प्राध्यापक असतात. उष्णतेवर काम करणारा माणूस आवाजाबद्दल फार काही सांगू शकणार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गुडघा दाखवून उपयोग नसतो, तसंच हे.

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात इमारतींच्या ऊर्जेवर स्वतंत्र एम.टेक. आहे. तिथले प्राध्यापक राजन रावल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिडनीतल्या प्राध्यापकांना सोबत घेऊन एक मोठं काम केलं. ऑफिसात किती तापमान असलं की भारतातल्या माणसाला बरं वाटतं, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. देशाच्या पाच हवामान विभागांतल्या १६ इमारती, तीन ऋतू आणि ६,३३० उत्तरं. जिथे एसी नव्हता, खिडक्या उघड्या होत्या, तिथे काय दिसलं? बाहेरची महिन्याची सरासरी ३१ अंशांच्या आसपास असताना आत साधारण साडेअठ्ठावीस अंशांना लोक समाधानी होते. म्हणजे परदेशातल्या हिशेबाने आपली ऑफिसं गारठवायची गरजच नाही. हा हिशेब पुढे २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही आला. विजेच्या बिलाशी त्याचा थेट संबंध आहे.

किल्लारीने शिकवलेला धडा

मराठवाड्यात या विषयाची गोष्ट किल्लारीशिवाय सांगताच येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चारला थोडा अवकाश होता. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंप जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी नव्हता, तरीही इतकी माणसं का गेली?

उत्तर घरांत होतं. आपली जुनी माळवदाची घरं आठवा. दोन-अडीच फूट जाडीची दगडमातीची भिंत आणि वर लाकडावर मातीचा जाड थर. गळू नये म्हणून दर काही वर्षांनी त्यावर नवी माती पडायची. उन्हाळ्यासाठी हे घर एक नंबर होतं. दुपारची उष्णता त्या जाडीतून आत यायलाच कित्येक तास लागायचे.

पण ती जाड भिंत एकसंध नव्हती. बाहेरून एक दगडी पापुद्रा, आतून दुसरा आणि मधे दगडांचा चुरा व माती. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. जमीन हलली तशी भिंत मधून उकलली, दोन्ही पापुद्रे सुटले आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली.

इथे प्राध्यापकांचं ज्ञान कामाला आलं. रुरकीला (आजची आयआयटी) भूकंप अभियांत्रिकीचं शिक्षण १९६० पासून चालू होतं. तिथल्या आनंद स्वरूप आर्य यांनी दगडमातीच्या साध्या घरांवर अनेक वर्षं काम केलं होतं. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घाला, दारं-खिडक्यांच्या वर घराभोवती सलग पट्टा फिरवा, छतावरचं वजन कमी करा. असल्या सूचना कुणा एकाच्या डोक्यातून एका रात्रीत येत नाहीत. कुणीतरी भिंती बांधून, हलवून, मोडून बघितलेल्या असतात.

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागेवर वसवली गेली. लोकांच्या मनात दगडाची इतकी भीती बसली की पुढे अनेकांनी पत्रा आणि सिमेंटच निवडलं. ते साहजिक होतं, पण त्याची किंमत आता दर उन्हाळ्यात मोजावी लागते. भूकंपवाल्याने घर सुरक्षित केलं, पण उष्णतेवाल्याला कुणी विचारलं नाही. ज्या विभागात हे दोन्ही प्राध्यापक आहेत आणि एकमेकांशी बोलतात, तो विभाग आमच्या मते प्रवेशासाठी सगळ्यात चांगला.

माती विषय घेणारेही आहेत

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयएससीत, १९७४ साली 'अस्त्र' नावाचा गट सुरू झाला. काम काय, तर खेड्यासाठी विज्ञान. सुरू करणारे अमूल्य रेड्डी स्वतः विद्युत-रसायनशास्त्राचे होते, हे विशेष! के. एस. जगदीश आणि बी. व्ही. वेंकटराम रेड्डी यांनी तिथे मातीच्या दाबलेल्या विटेवर वर्षानुवर्षं काम केलं. मातीत वाळू आणि थोडं सिमेंट मिसळायचं, हाताच्या यंत्रात दाबायचं आणि काही आठवडे पाणी मारायचं. भट्टी लागत नाही, लाकूड-कोळसा जळत नाही.

मात्र आपल्याकडची काळी माती यासाठी तशीच चालत नाही. ती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. रानात उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा आपण बघतोच. कोणती माती चालेल आणि तिच्यात किती वाळू लागेल, हे सांगायलाच तर तज्ज्ञ लागतो.

यादी वाचायची कशी?

कॉलेजच्या वेबसाइटवर 'फॅकल्टी' असं पान असतं. तिथे प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक अशा पदव्या दिसतील. त्यावर थांबू नका. पीएच.डी. कोणत्या विषयात केली ते बघा. 'सस्टेनेबल आर्किटेक्चर' असं मोघम लिहिलं असेल तर गेल्या पाच वर्षांतले लेख उघडा. लेखांच्या मथळ्यांवरून माणूस नेमकं काय करतो ते कळतं. इंग्रजी जड वाटलं तर मोबाइलमध्ये भाषांतर करून वाचा, अंदाज येतो.

'शोधगंगा' नावाची सरकारी साइट आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात आणि कोणत्या सरांच्या हाताखाली कोणता प्रबंध झाला तेही दिसतं. आमच्या मते माहितीपुस्तिकेपेक्षा ही साइट जास्त खरं बोलते.

आणखी एक गोष्ट. यादीतली काही नावं फक्त पाहुण्या प्राध्यापकांची असतात, काही निवृत्त झालेल्यांचीही राहून गेलेली असतात. दुसऱ्या वर्षी प्रबंध करायचा असतो, तेव्हा रोज भेटणारा मार्गदर्शक लागतो. प्रयोगशाळेचं पण विचारा. उष्णता मोजायचं यंत्र कपाटात कुलूपबंद असेल तर असून नसल्यासारखंच.

पैशाचं बोलायचं तर गेट परीक्षेत आर्किटेक्चरचा वेगळा पेपर असतो. त्यात पात्र होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ प्रवेश मिळाला तर महिन्याला विद्यावेतन मिळू शकतं. अनेक वर्षं ही रक्कम १२,४०० रुपये राहिली आहे. प्रवेशाच्या वेळी चालू आकडा आणि अटी तपासून घ्या. खाजगी कॉलेजची फी आणि ही रक्कम शेजारी शेजारी लिहून बघितली की घरात निर्णय सोपा होतो.

शेवटी, आवडलेल्या सरांना थेट ईमेल करा. 'आदरणीय सर' वगैरे दोन ओळी पुरेत, मग मुद्द्यावर या. आमच्या गावात पत्र्याची घरं आहेत, मला त्यांच्या उष्णतेवर काम करायचं आहे, या वर्षी तुम्ही विद्यार्थी घेणार आहात का? आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर पुन्हा एकदा पाठवा. परीक्षेच्या दिवसांत मेल मागे पडतात. दुसऱ्यांदाही काही आलं नाही, तर यादीतलं पुढचं नाव घ्या.