कवेलू उतरले, ऊन आत आलं

या चैत्रात आमच्या आळीतलं शेवटचं कवेलूचं घर पाडलं. मालकाला दोष देता येणार नाही. उधईने मयाल पोखरली होती, वानरांनी अर्धे कवेलू फोडले होते आणि ते फेरायला, म्हणजे उतरवून पुन्हा रचायला, माणूस मिळत नव्हता. आता तिथे पाच इंची स्लॅब पडेल, वर पाण्याची काळी टाकी बसेल आणि पुढच्या वैशाखात त्या घरातली म्हातारी माणसं रात्री अकरापर्यंत अंगणात बसलेली दिसतील. आमच्या मुकुटबन गावात हे आता घरोघरचंच आहे. तरी ते शेवटचे कवेलू ट्रॉलीत भरले जाताना मला मागचा सगळा हिशेब मांडावासा वाटला, कारण हा बदल आपोआप झालेला नाही. तो याद्यांनी, अंदाजपत्रकांनी आणि अनुदानाच्या अटींनी घडवून आणला आहे.

जुन्या घराबद्दल हळवं होऊन लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ते घर कसं काम करायचं ते सांगायचं आहे. भिंत मातीची, दीड-दोन फूट जाड. दुपारचं ऊन त्या भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र व्हायची आणि तोवर बाहेरची हवा निवलेली असायची. डोक्यावर कवेलू, त्यांच्या फटींतून तापलेली हवा निघून जायची. कवेलूंच्या खाली माळा, लाकडावर किंवा बांबूवर टाकलेल्या मातीच्या थराचा. कवेलू आणि माळा यांच्यामधली कोंडलेली हवा आणि खालची माती मिळून उन्हाला दोनदा अडवायची. पुढे सपरी, म्हणजे पडवी, असल्यामुळे समोरच्या भिंतीवर ऊन थेट पडतच नसे. शिबला, माथार्जुनकडच्या कोलाम पोडांवर, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवर, कुडाच्या भिंती, शेणमातीचा लेप आणि पार खाली उतरलेलं छप्पर. गांधीजी १९३६ साली सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या त्या उन्हात त्यांच्यासाठीही माती, बांबू आणि कवेलूच वापरले गेले. मे महिन्यात तिथल्या बापूकुटीत शिरून पाहा, अंगाला फरक कळतो.

वाळवंटातल्या लोकांनी हेच केलं. जैसलमेरच्या जाड दगडी भिंती, इराणातल्या यज्द शहरातले वारा खाली खेचणारे मनोरे, सगळ्यांचा हेतू एकच, की उन्हाची धग माणसापर्यंत पोचू द्यायची नाही. आपल्याकडे एक जास्तीची अडचण आहे. वाळवंटाची हवा कोरडीच राहते. आपला जून मात्र दमट होतो आणि मग कुलरच्या ताटीतलं पाणी उडेनासं होतं. म्हणून आपल्याला भिंत आणि छताचा आधार वाळवंटापेक्षा जास्त लागतो.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत यातलं फारसं काही हललं नाही. नव्वदीत वणीच्या कोळसा खाणींत पगारावर असलेल्यांची चार-दोन स्लॅबची घरं उभी राहिली. गाव ती बघायला जायचं, एवढंच.

खरा बदल झाला २००३ ते २०१३ या दहा वर्षांत. मी ती वर्षं इथेच काढली आणि त्यांचा राग अजून गेलेला नाही.

२००२ ला बीटी कापूस आला. पहिल्या काही हंगामांत ज्यांच्या हाती पैसा लागला त्यांनी तो स्लॅबमध्ये घातला. २००८ च्या कर्जमाफीनंतर आणखी काही घरं झाली. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांच्या घरावर टिन आलं. घरकुलाच्या यादीत मातीची भिंत ही गरिबीची खूण होती, त्यामुळे ती पाडल्याशिवाय माणूस सुधारला असं कोणी मानायला तयार नव्हतं. सागाचं लाकूड परवडेना, फेरणारे कामाला बाहेरगावी गेले आणि वानरं जंगल सोडून गावात आली. तीनही कारणं खरी होती. पण कवेलूच्या जागी काय बसवायचं हे ठरवताना उन्हाचा विचार एकाही कागदावर नव्हता.

आणि नेमक्या त्याच वर्षांत भारनियमन होतं. खेड्यांना दिवसाचे दहा-बारा तास वीज नसायची. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटलं आणि चंद्रपूरच्या वीजकेंद्राचे संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. म्हणजे ज्या छताखाली पंखा आणि कुलर नसेल तर जगता येत नाही असं छत आम्ही त्याच दशकात डोक्यावर घेतलं, ज्यात पंखा आणि कुलर चालत नव्हते. टिनाखालच्या बाळंतिणी मी पाहिल्या आहेत. दुपारभर ओलं लुगडं खाटेवर ताणून त्याखाली लेकरू निजवायचं. लोकांनी आपल्या अकलेने टिनावर पऱ्हाटी आणि तुराट्या पसरल्या, वर पाणी शिंपलं. आग लागेल म्हणून त्यांना रागावणारे पुष्कळ होते. पण त्याऐवजी काय करा, हे सांगणारा एकही भेटला नाही.

मी घर बांधलं ते याच काळात. स्लॅबवर उष्णतारोधक थर टाकायचा आणि वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवायचे असं मी अंदाजपत्रकात लिहून दिलं होतं. ज्या अभियंत्याकडे ते गेलं त्याने ती ओळ लाल शाईने खोडली. कर्ज देणाऱ्या संस्थेतल्या साहेबांनी समोर बसवून सांगितलं की ही चैन आहे, कर्ज बांधकामाला मिळतं. त्याच साहेबांच्या खोलीला वातानुकूलन होतं आणि त्या यंत्राचा निम्मा जोर डोक्यावरचा उघडा स्लॅब थंड करण्यात जात होता. दोघांचीही नावं मी लिहिणार नाही. पण ती लाल रेघ केवळ माझ्या कागदावर पडलेली नव्हती. त्या दशकात तालुक्यातल्या घराघरांच्या कागदांवर ती पडली. ज्यांनी विचारलं त्यांच्या कागदावर दिसली, ज्यांनी विचारलं नाही त्यांच्या कागदावर न दिसता पडली.

त्या थराला चैन म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब देतो. काँक्रीटमधून उष्णता जितकी सहज जाते त्याच्या चाळिसाव्या हिश्श्याहून थोडी कमीच थर्माकोलसारख्या फोममधून जाते. म्हणजे दोन इंची कडक फोमची पाटी जेवढी उष्णता अडवते तेवढी अडवायला सुमारे सात फूट जाड काँक्रीट लागेल. ती पाटी स्लॅबच्या वर बसली पाहिजे. खाली लावली तर खोलीत उष्णता कमी येते, पण स्लॅब तव्यासारखा तापतोच. वर बसवली तर स्लॅब फारसा तापत नाही, आणि ज्या उन्हाने त्याला वर्षानुवर्षं ताणून फुगवून भेगा पाडल्या असत्या त्यापासूनही तो वाचतो. ज्यांना फोम परवडत नाही त्यांना विटांच्या तुकड्यांचा कोबा आहे, उलटी मडकी मांडून वर चुना-सिमेंट ओतण्याची जुनी रीत आहे, आणि काहीच नसेल तर चुना आहे. वणीजवळ राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत. दर चैत्रात गच्चीवर चुन्याचे दोन हात मारले तर ऊन परत फेकलं जातं. हे करायला शहरातून कोणाला बोलवावं लागत नाही.

दुकानांची गत घरांपेक्षा वाईट आहे. मुख्य रस्त्यावरचे पश्चिमेकडे तोंड केलेले गाळे, वर टिन, पुढे लोखंडी शटर. दुपारी तीनला आत माणूस थांबू शकत नाही, म्हणून दुकानदार झाडाखाली बसतो. जिनिंगच्या शेडखाली कापूस उपसणाऱ्या बायांबद्दल कोणी लिहीत नाही. पत्र्याच्या दोन थरांत फोम भरलेले पफ पॅनेल भाजीपाल्याच्या शीतगृहांना लावतात. बटाट्याला जे छत मिळतं ते मजुराला मिळत नाही.

२३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला. त्याच वर्षी अहमदाबादने उष्मा कृती आराखडा केला, कारण २०१० च्या लाटेत तिथे शेकडो माणसं दगावली होती. पुढे तिथल्या वस्त्यांची छतं पांढरी करण्याची मोहीमही निघाली. आपल्याकडे त्या मे महिन्यानंतर काय झालं? वणीच्या बाजारात कुलर संपले.

त्यानंतरची वर्षं घाईने सांगून टाकतो, कारण त्यांत कागदच जास्त आहेत. २०१६ ला नवी घरकुल योजना आली, २५ चौरस मीटरचं घर आणि १ लाख २० हजार रुपये. २०१७ ला व्यापारी इमारतींची ऊर्जा संहिता सुधारली गेली. ती १०० किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या जोडभाराच्या इमारतींना लागू, म्हणजे आमच्या रस्त्यावरच्या एकाही गाळ्याला नाही. २०१८ ला घरांसाठी इको निवास संहिता आली. तिने छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घालून दिली. उघडा सहा इंची स्लॅब त्या मर्यादेच्या अडीच पटींहून अधिक उष्णता आत सोडतो. पण ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडांसाठी होती. ज्याच्याकडे दोन मजले, झाडं आणि वातानुकूलन आहे त्याच्या छताची काळजी सरकारने घेतली. २५ चौरस मीटरवाल्याची घेतली नाही.

२०२२ ला मुकुटबनचा सिमेंट कारखाना सुरू झाला. २,७०० कोटींहून अधिक गुंतवणूक, वर्षाला ३९ लाख टनांची क्षमता. गावाला रोजगार मिळाला याचा मला आनंद आहे. पण आता इथे सिमेंट हाताशी आहे आणि दर महिन्याला नवे स्लॅब पडत आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या जनमन योजनेतून कोलामांना २ लाखांचं घर मिळू लागलं. पोडांवरच्या कुडाच्या भिंती जात आहेत. पक्कं घर हा त्यांचा हक्कच आहे आणि तो फार उशिरा मिळतो आहे. म्हणूनच ते घर राहण्याजोगं असलं पाहिजे. २०२५ ला राज्याने घरकुलाच्या अनुदानात ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी. त्याच छताखालच्या माणसासाठी उन्हाच्या नावाने एक रुपयाही वेगळा ठेवला नाही.

आणि पैनगंगेच्या पलीकडे पाहा. एप्रिल २०२३ मध्ये तेलंगणाने थंड छतांचं धोरण लागू केलं. सरकारी आणि व्यापारी इमारतींना थंड छत सक्तीचं, ६०० चौरस यार्डांवरच्या घरांनाही सक्तीचं, लहान घरांना ऐच्छिक, आणि पाच वर्षांत ३०० चौरस किलोमीटर छत थंड करण्याचं उद्दिष्ट. अंमलबजावणी कितपत होते याबद्दल वाद घालता येईल. पण आदिलाबादचं ऊन आणि आमचं ऊन एकच आहे. तिकडच्या सरकारला छत दिसलं, आमच्या सरकारला अजून दिसायचं आहे.

मुंबईच्या धोरणाची वाट पाहण्यात आणखी एक दशक घालवू नका. १ मे ला ग्रामसभा भरते. तिथे तीन ठराव मांडा. घरकुलाच्या प्रत्येक अंदाजपत्रकात उष्णतारोधक थराची ओळ असावी आणि ती कोणाला खोडता येऊ नये. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेच्या आणि अंगणवाडीच्या छतावर दर चैत्रात चुन्याचे दोन हात ग्रामपंचायतीने द्यावेत. आणि टिनाचा नवा गाळा बांधणाऱ्याने टिनाखाली अस्तर दाखवल्याशिवाय ग्रामपंचायतीने ना हरकत देऊ नये. हात वर करा आणि ठरावाची नक्कल घेऊनच घरी जा.