आधी चरबी की आधी स्नायू?
गुरुग्राम-नोएडाच्या जिममध्ये नवखा माणूस हाच प्रश्न घेऊन येतो. उत्तरासाठी वजनकाट्याआधी टेप हाती घ्यावी.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

सारख्याच बीएमआयला जास्त चरबी, ही भारतीय शरीराची ठेवण ओळखूनच दिल्लीचे डॉ. अनुप मिश्रा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कमरेची मर्यादा सुचवली: पुरुष ९० सेंटिमीटर, स्त्रिया ८०.

कंबर त्यापुढे गेली असेल तर आधी चरबी उतरवा. जेवण थोडं कमी, पण डाळ, पनीर, अंडी पुरेशी आणि वजनं उचलणं चालूच. कंबर आत, पण हातपाय काटकुळे असतील तर आधी स्नायू. नवख्याला सुरुवातीला दोन्ही एकदम साधू शकतं. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच आहार बदला.