तिसरी भाषा, पन्नास वर्षे

मार्च १९७५मध्ये महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. त्याआधी ही परीक्षा अकरावीला असे. कोठारी आयोगाने सुचवलेला १०+२+३ हा आकृतिबंध राज्याने स्वीकारला आणि परीक्षा एक वर्ष अलीकडे आली. त्या गोष्टीला आता पन्नास वर्षे झाली. एवढ्या काळात मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत इंग्रजी कसे शिकवले गेले, काय बदलले आणि काय जागचे हलले नाही, हे एकदा नीट पाहायला हवे. या काळातली बरीच वर्षे मी आठवी ते दहावीच्या वर्गांत इंग्रजी शिकवण्यात घालवली. आजही त्या वर्गांविषयी मला तेवढीच कळकळ वाटते.

मराठी माध्यमात इंग्रजी ही तृतीय भाषा. पहिली मराठी, दुसरी हिंदी, मग इंग्रजी. वेळापत्रकातले स्थान तिसरे असले, तरी घरात तिची काळजी सगळ्यांत आधी असते. त्यालाही ठोस कारण आहे. दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकलेली मुलगी अकरावी विज्ञानाला गेली, की एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तेच भौतिकशास्त्र तिच्यासमोर इंग्रजीत येते. डिप्लोमा, नर्सिंग, फार्मसी, सगळीकडे हेच. माध्यमिक शाळेतल्या इंग्रजीवर या मुलांचे पुढचे शिक्षण तोलून धरलेले असते, म्हणून या विषयाचा हिशेब महत्त्वाचा.

१९७५च्या मागेही एक मोठा इतिहास आहे. सावित्रीबाई फुल्यांच्या १८५४च्या ‘काव्यफुले’ संग्रहात इंग्रजी शिकण्याचे आवाहन आहे. त्यांच्या दृष्टीने ही भाषा जातीच्या बेड्या तोडण्याचे साधन होती. १८८०मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, ते देशाची नवी पिढी घडवण्यासाठी. हेतू वेगवेगळे होते, पण इंग्रजी हवी याबद्दल दोन्हीकडे शंका नव्हती. त्या काळी मराठी चौथी झाली, की मूल ‘इंग्रजी पहिली’त बसे आणि ‘इंग्रजी सातवी’ म्हणजे मॅट्रिक. अनेक घरांत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असे. मराठी वाक्याचे इंग्रजी करायचे आणि इंग्रजीचे मराठी, अशी तिची रीत. पुढे रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले. त्यातले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. या पुस्तकांवर वाढलेली पिढी इंग्रजी नेमके लिहीत असे. अर्थात ती पिढी संख्येने लहान होती आणि बहुतेक मुले हायस्कूलच्या दारापर्यंत पोचतच नव्हती.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने इंग्रजीची सुरुवात आठवीपर्यंत पुढे ढकलली. मातृभाषेचा पाया आधी पक्का व्हावा, हा त्यामागचा विचार. पुढे महाराष्ट्रात ती पाचवीपासून सुरू झाली आणि कित्येक दशके तशीच राहिली. माझ्या वयाच्या बहुतेक शिक्षकांनी इंग्रजी मुळाक्षरे पाचवीतच पहिल्यांदा गिरवली.

दहावीची पहिली परीक्षा झाली तेव्हा स्ट्रक्चरल पद्धतीचा काळ होता. १९५८मध्ये हैदराबादला इंग्रजीची केंद्रीय संस्था स्थापन झाली. तिथे शिकून आलेले प्रशिक्षक ही पद्धत देशभर नेत होते. महाराष्ट्रात राज्य आंग्ल भाषा संस्था हे काम करू लागली आणि १९६७मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके त्याच साच्यात तयार होऊ लागली. वाक्यरचना सोप्याकडून अवघडाकडे लावायच्या, एका धड्यात मोजकेच नवे शब्द घ्यायचे, वस्तू आणि कृती दाखवून अर्थ कळवायचा, मराठीचा आधार घ्यायचा नाही. सब्स्टिट्यूशन टेबल फळ्यावर आखायचे आणि सगळ्या वर्गाने एका सुरात वाक्ये म्हणायची.

या पद्धतीने एक चांगली गोष्ट केली. शिक्षक पुस्तकातून डोके वर काढून मुलांकडे पाहू लागला. खडू, डस्टर, दप्तर, खिडकी या वस्तू इंग्रजीच्या तासाला कामी येऊ लागल्या. मात्र पाचवी-सहावीत जे जमले ते नववी-दहावीत तुटले. धडे लांब होत गेले, कविता आल्या, पत्रे आणि निबंध आले, आणि साठ-सत्तर मुलांच्या वर्गात वस्तू दाखवून शिकवणे अशक्य झाले. शिक्षक स्वतः भाषांतरावर शिकलेले होते. दहावीचे वर्ष आले, की धडा ओळीओळीने मराठीत सांगायचा, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून द्यायचे आणि प्रश्नोत्तरे उतरवून घ्यायला लावायची, ही जुनी वाट पुन्हा सुरू झाली. तपासणीला साहेब आले, की वर्गात इंग्रजी चाले, आणि एरवी मराठी.

इथे मला या पन्नास वर्षांतली मुख्य गोष्ट दिसते. प्रशिक्षणात मराठी वर्ज्य होती आणि वर्गात मराठीशिवाय दुसरे काही नव्हते. मराठीचा उपयोग कुठे करावा आणि कुठे थांबावे, हे शिक्षकाला कोणी शिकवलेच नाही.

मराठीचे दोन उपयोग आहेत आणि त्यांत मोठे अंतर आहे. अख्खा धडा मराठीत सांगितला, तर मूल चाळीस मिनिटे मराठी गोष्ट ऐकते आणि इंग्रजी त्याच्या कानावर येतच नाही. त्याऐवजी दोन भाषांची घडण मराठीतून समजावून दिली, तर मुलाचे वर्षभराचे चाचपडणे वाचते. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यानंतर लगेच येते. आपले प्रत्यय नामाच्या मागे लागतात, इंग्रजीतली प्रीपोझिशन नामाच्या आधी बसतात. आपल्याकडे आर्टिकल नाही. आपण जवळपास जसे बोलतो तसेच लिहितो, इंग्रजी स्पेलिंगला तसा नियम नाही. ही तुलना आठवीतल्या कोणत्याही मुलाला अर्ध्या तासात कळते. तेच सारे इंग्रजीतून सांगायला बसले, तर आठवडा जातो आणि शेवटी मुले माना डोलावून मोकळी होतात. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९मध्ये मांडलेला सिद्धान्त याच अनुभवाला पाठबळ देतो. पहिल्या भाषेत आलेली वाचनाची आणि विचाराची क्षमता दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते, असे त्यांनी म्हटले. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही मुलाची भाषा वर्गातली साधनसामग्री मानली. जी मुले मराठी चांगली वाचत, तीच पुढे इंग्रजीत लवकर सावरत, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

आपल्या शेजारी दक्षिणेत याच काळात एक महत्त्वाचा प्रयोग झाला. १९७९ ते १९८४ या वर्षांत बंगळूरच्या इंग्रजी संस्थेच्या मदतीने एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांच्या वर्गांत तो केला. व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून त्यांनी मुलांना कामे दिली. रेल्वेचे वेळापत्रक वाचून गाडी शोधायची, नकाशा पाहून रस्ता सांगायचा. मुलाचे मन अर्थामध्ये गुंतले, की भाषा त्याच्या नकळत रुजते, हा त्यांचा विश्वास. टास्क-आधारित अध्यापन म्हणून हा विचार आज जगभर शिकवला जातो, आणि त्याची मुळे आपल्यासारख्याच गर्दीच्या वर्गांत आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो सावकाश उतरला. संवाद पूर्ण करा, जाहिरात वाचा, तक्त्यातली माहिती परिच्छेदात लिहा, अशी कामे आली. पुढे प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. विचार योग्यच होता. पण जे परीक्षेत येते त्याची तयार उत्तरे बाजारात येतात. संवाद, भाषण आणि मुलाखत यांचे साचेही मुले पाठ करू लागली. बोलण्यासाठी सुचवलेले काम पुन्हा वहीत उतरवण्याचे काम झाले.

या पन्नास वर्षांतला सर्वांत मोठा निर्णय २०००चा. शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या काळात राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. मराठीचे काय होईल, शिक्षक कुठून आणायचे, असे प्रश्न तेव्हा जोरात विचारले गेले आणि ते रास्त होते. तरीही या निर्णयाच्या बाजूने एक गोष्ट मी ठामपणे सांगेन. शहरातल्या इंग्रजी शाळेतले मूल आणि वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेतले मूल एकाच वयात ही भाषा ऐकू लागले. आधी हे अंतर चार वर्षांचे होते. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेचे ‘वी लर्न इंग्लिश’ हे आकाशवाणीवरचे पाठ ऐकून कितीतरी वर्गांना शिक्षकाच्या जोडीने आणखी एक इंग्रजी आवाज मिळाला.

२०००मध्ये पहिलीत बसलेली मुले मार्च २०१०मध्ये दहावीला बसली. माध्यमिक शिक्षकाला त्यांच्यात एक बदल लगेच जाणवला. अक्षरांची भीती गेली होती. रंग, प्राणी, नाती, दिवस यांचे शब्द मुलांच्या तोंडी होते. सोबत नवी अडचणही आली. आठवीच्या एकाच वर्गात एक मूल परिच्छेद सरळ वाचे आणि त्याच्या शेजारचे तीन अक्षरी शब्दावर अडे. सगळ्यांची इंग्रजीची वर्षे सारखीच, पण हाती आलेले फार वेगळे. पुस्तक मात्र सगळ्यांसाठी एकच. त्यातच सेमी इंग्रजीचे वर्ग वाढत गेले. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायचे म्हटल्यावर इंग्रजीच्या शिक्षकावरचा भार आणखी वाढला, कारण विज्ञानाचा धडा कळला नाही, की मूल इंग्रजीच्या बाईंकडे येऊ लागले.

परीक्षा भाषेला कसे वळण लावते, याचा स्वच्छ दाखला २०१९चा आहे. त्या वर्षी नव्या अभ्यासक्रमाची पहिली परीक्षा होती आणि भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे २० गुण काढून टाकले होते. आदल्या वर्षीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० टक्क्यांवर आला. पालक आणि शाळा अस्वस्थ झाल्या आणि ते गुण परत आणले गेले. २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला. निकालाच्या या चढउताराला इतर कारणेही होती, पण तोंडी गुणांचा वाटा त्यात मोठा होता, हे सगळ्यांनी मान्य केले. मला यातली खरी चिंता निराळी वाटते. गुण गेले तेव्हा किती टक्के घटले याची चर्चा झाली, गुण परत आले तेव्हा किती वाढले याची. मुले इंग्रजीत बोलतात का, हा प्रश्न दोन्ही वेळा कुणी विचारला नाही. २०२१मध्ये करोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या दीड-दोन वर्षांत घरी बसलेल्या मुलांचे वाचन किती मागे पडले, हे पुढच्या आठवी-नववीच्या वर्गांनी दाखवून दिले.

या प्रवासात उमेद वाढवणाऱ्या गोष्टीही आहेत. ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्स आणि राज्य शासन यांच्या ‘तेजस’ उपक्रमात प्राथमिक शिक्षकांचे छोटे गट नियमितपणे एकत्र बसू लागले आणि आपल्या वर्गाबद्दल एकमेकांशी बोलू लागले. माध्यमिक शिक्षकांसाठी राज्य आंग्ल भाषा संस्थेने ‘चेस’ हा असाच उपक्रम सुरू केला. वरून आलेल्या भाषणापेक्षा शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाचा अनुभव लवकर उपयोगी पडतो, हे या गटांनी सिद्ध केले. मोबाइल आणि स्वस्त इंटरनेट आल्यावर मुलांच्या कानावर इतकी इंग्रजी पडते, जितकी आधीच्या कोणत्याही पिढीच्या पडली नव्हती. क्रिकेटचे समालोचन, यूट्यूबवरचे व्हिडिओ, खेळांच्या सूचना, सगळे इंग्रजीत. ही ऐकीव इंग्रजी वर्गात आणायची आणि तिला वाचनाची जोड द्यायची, एवढे काम शाळेकडे उरते.

पन्नास वर्षांचा निष्कर्ष मला असा दिसतो. सुरुवात पाचवीवरून पहिलीवर आली. पद्धत बदलली, पुस्तके बदलली, परीक्षेचे स्वरूप बदलले. मुलाला वर्गात स्वतःचे वाक्य बोलायला मिळणारा वेळ मात्र वाढला नाही, आणि मराठीची मदत नेमकी कशी घ्यायची हेही ठरले नाही. भाषा बोलल्याने आणि वाचल्याने येते. बाकी सगळे त्याला पूरक आहे.

म्हणून माझे सांगणे इंग्रजी शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना आहे. तोंडी परीक्षेचे २० गुण खऱ्या अर्थाने घ्या. साठ मुलांचा वर्ग असेल, तर प्रत्येकाला पाच मिनिटे दिल्यास पाच तास लागतात, म्हणजे शाळेचा एक दिवस. शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाला परीक्षक म्हणून बोलवा आणि तुम्ही त्यांच्याकडे जा. आठवीच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलाचे वाचन एकेकटे ऐका आणि जे अडते त्याला त्याच्या पायरीचे छोटे पुस्तक द्या. व्याकरणातले फरक मराठीतून मोकळेपणाने समजावा, पण धडा मराठीत सांगू नका. यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. शाळेने ठरवले, तर येत्या सत्रापासून हे सुरू होऊ शकते.