टोमॅटोची अढी

अमेरिकेच्या ईशान्य भागात परसबाग करणाऱ्या मराठी माणसाला ऑक्टोबर महिना जड जातो. मे महिन्यात लावलेली टोमॅटोची रोपे ऑगस्टमध्ये अशी फळतात, की शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटूनही संपत नाहीत. सप्टेंबरात वेग मंदावतो आणि मग एका रात्री फ्रॉस्ट पडतो. सकाळी पाहावे तर झाडे उकडलेल्या पालेभाजीसारखी काळी पडून लोंबत असतात, आणि त्यांच्यावर टोपलीभर हिरवी फळे! बहुतेक घरांत ती झाडांबरोबरच कचऱ्यात जातात. वास्तविक ती वाचवता येतात. त्यासाठी काचघर नको. कोकणात आंब्याची अढी घालतात ना, तेच शास्त्र इथेही चालते.

आंबा झाडावर पूर्ण पिकेपर्यंत कोणी थांबत नाही. पूर्ण वाढलेला हिरवा आंबा उतरवून गवतात ठेवला की तो पिकतो. टोमॅटोचेही तसेच आहे. फळ पूर्ण वाढले की ते स्वतःच इथिलीन नावाचा वायू तयार करू लागते आणि त्यानेच ते पिकते. पुढच्या कामाला झाड लागत नाही, ऊनही लागत नाही. लागते ती फक्त बेताची ऊब. ५० अंश फॅरनहाइटच्या खाली ही क्रिया जवळजवळ थांबते, चवही बिघडते. म्हणजे आपला खरा शत्रू एका रात्रीचा फ्रॉस्ट नसून त्याआधीचे थंड आठवडे आहेत. त्या काळात फळ झाडावर नुसते लटकत राहते.

आमच्या व्यवसायात शेवटची तारीख ठरली की तिथून उलट मोजतात. मी राहतो त्या मध्य न्यू जर्सीत पहिला फ्रॉस्ट साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येतो. फूल धरल्यापासून फळ लाल व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्यामुळे सप्टेंबरमध्ये आलेल्या फुलांवर आशा ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय रात्रीचे तापमान ५५ अंशांखाली गेले की फळधारणाही नीट होत नाही. म्हणून फ्रॉस्टच्या चार ते सहा आठवडे आधी प्रत्येक फांदीचा शेंडा आणि नवी फुले खुडून टाकावीत. झाडाची सगळी ताकद मग असलेल्या फळांकडे जाते.

आमची रोपे आई लावते. ती मे महिन्यात येते आणि सप्टेंबरअखेर पुण्याला परतते. त्यानंतर फोनवर तिचा पहिला प्रश्न नातवंडांचा आणि दुसरा टोमॅटोचा असतो! म्हणून पहिल्या एक-दोन थंड रात्री मी झाडे झाकतो. फ्रॉस्ट बहुधा निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पडतो. ढग असले की ते गोधडीचे काम करतात. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे पाच फूट उंचीवर असतो, आणि अशा रात्री जमिनीलगतची हवा त्याहून थंड असते. म्हणून अंदाज ३६ अंशांचा असला तरी सावध व्हावे. दुपारी मातीला पाणी द्यावे, कारण ओली माती उष्णता जास्त साठवते. संध्याकाळी जुनी सुती चादर थेट जमिनीपर्यंत सोडावी. ऊब मातीतून येते, त्यामुळे चादर बुंध्याशी आवळून बांधली तर ती बाहेरच राहते. सकाळी चादर काढावी. एवढ्याने दोन-चार अंशांचा फरक पडतो, त्याहून जास्त नाही.

रात्री सतत ५० अंशांखाली जाऊ लागल्या की मोह आवरून सगळी फळे उतरवावीत. कोणती पिकतील? ज्यांचा हिरवा रंग फिकट, पांढुरका झाला आहे आणि साल चकचकीत दिसते ती. खात्री करायची असेल तर तशाच आकाराचे एक फळ कापून पाहावे. आत गर बुळबुळीत झाला असेल आणि बिया सुरीखाली कापल्या न जाता बाजूला सरकल्या, तर त्याच्या जोडीची फळे नक्की पिकतील. बिया कापल्या गेल्या तर ती फळे कच्ची. त्यांची दाण्याचे कूट घालून भाजी करावी, किंवा तीळ-मिरची घालून चटणी.

निवडलेली फळे पुसून, देठ काढून, पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्रावर एका थरात मांडावीत. ६५ ते ७० अंशांत ती साधारण दोन आठवड्यांत पिकतात. ५५ अंशांच्या तळघरात तीन-चार आठवडे लागतात. दोन खोकी दोन ठिकाणी ठेवली तर टोमॅटो टप्प्याटप्प्याने मिळतात. घाई असेल तर सोबत एक पिकलेले केळे ठेवावे, त्यातूनही इथिलीन निघते. फ्रिजमध्ये मात्र हिरवे फळ ठेवू नये.

एक नासका आंबा अढी नासवतो, हे इथेही खरे. दर दोन दिवसांनी फळे पाहावीत. गोठलेली, चिरलेली फळे घेऊ नयेत. झाडावर लेट ब्लाइट असेल तर त्याची फळे अढीत घालूच नयेत. २००९ साली या रोगाने ईशान्येकडच्या असंख्य बागा उजाड केल्या होत्या. वरून निरोगी दिसणारे फळही खोक्यात तपकिरी पडते.

अढीतल्या टोमॅटोला ऑगस्टच्या उन्हातली गोडी येत नाही, हे मान्य करायला हवे. पण नोव्हेंबरच्या थंडीत बाजारातल्या टणक टोमॅटोपेक्षा तो कितीतरी सरस लागतो, आणि दिवाळीच्या जेवणातले सार घरच्या टोमॅटोचे होते. तेव्हा या वर्षी झाडे उपटण्यापूर्वी एक रिकामे खोके जरूर शोधून ठेवा.