हिंगोली जिल्ह्यातील लोकवस्ती, धर्म आणि उपजीविका

गावात पीकयोजना नेण्यापूर्वी गाव समजून घेणे हे ग्रामकार्यकर्त्याचे पहिले कर्तव्य होय. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ हे पाच तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार असून शंभरांपैकी पंच्याऐंशी माणसे खेड्यांत राहतात.

लोकवस्तीत हिंदू बहुसंख्य असून बौद्ध सुमारे १५ टक्के व मुसलमान सुमारे ११ टक्के आहेत. आंध ही येथील प्रमुख आदिवासी जमात होय. औंढ्याचे नागनाथ मंदिर आणि संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी ही येथील श्रद्धास्थाने आहेत. नामदेवांची पदे गुरुग्रंथसाहिबात असल्याने शीख भाविकही नरसीस येतात.

धर्म निरनिराळे असले तरी पोटाचा आधार एकच, तो म्हणजे शेती. सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा व हळद ही येथील मुख्य पिके होत. परंतु शेतीवर जगणारा प्रत्येकजण शेतमालक नसतो. अनेक कुटुंबांची चूल रोजंदारीवर पेटते. हळदीची काढणी, गड्डे व हळकुंडे वेगळी करणे, शिजविणे व वाळविणे या कामांत मजुरांचा, विशेषतः स्त्रियांचा, मोठा वाटा असतो. हळद कमी शिजल्यास ती एकसारखी वाळत नाही, अधिक शिजल्यास रंग बिघडतो. हे ज्ञान केवळ मालकास देऊन भागत नाही. ज्या हातांनी काम होते, त्या हातांपर्यंत ते पोहोचले पाहिजे.

यासाठी सभेचा दिवस विचारपूर्वक ठरवावा. महाशिवरात्र हळदीच्या हंगामातच येते व त्या वेळी औंढ्यास यात्रा भरते. १४ एप्रिल रोजी आंबेडकर जयंती असते. रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतो. मजुरी बुडू नये म्हणून सभा दिवेलागणीनंतर घ्यावी. मात्र रमजानात ती वेळ उपवास सोडण्याची असल्याने तेथील लोकांना विचारूनच वेळ नेमावी. सभा नेहमी एकाच चावडीवर न घेता आळीपाळीने प्रत्येक वस्तीत घ्यावी.

सभेस किती जण आले याची नोंद सर्वच करतात. कोणत्या वस्तीतून कोणीच आले नाही, हे पाहून दुसऱ्या दिवशी तेथे जाणारा कार्यकर्ताच गावाचा विश्वास मिळवितो.